दुव्यांची साक्ष

डहाणू रोड स्टेशनावर उतरलेल्या एखाद्या परक्या माणसाला गंजाडला जावयाचें आहे आणि तेथें चांगल्या वारली चित्रकाराचें घर गांठावयाचें आहे, अशी कल्पना करावी. तो काय करील? स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याला विचारील, वाटेंत चहाच्या दुकानांत विचारील, गांवांत शिरल्यावर शाळेच्या मास्तरांना विचारील. तिघांनीं तीन नांवें सांगितलीं तर तो घोटाळ्यांत पडेल. तिघांनींहि एकच घर दाखविलें तर त्याचा संशय फिटेल. त्यांतहि रिक्षावाल्याच्या शब्दापेक्षां मास्तरांच्या शब्दाला तो अधिक मान देईल, कारण मास्तरांना गांवांतलीं घरें ठाऊक असतात आणि गांव मास्तरांना मानतो. पुढें जर त्याला असें कळलें कीं रिक्षावाल्याला अमुक घरीं गिऱ्हाईक पोंचविल्याबद्दल दलाली मिळते, तर तो शब्द त्याच्या मनांतून साफ उतरून जाईल.

आतां हाच मनुष्य डहाणूला न येतां मुंबईंत, पुण्यांत किंवा लंडनमध्यें आपल्या घरीं बसून मोबाइलवर ‘वारली चित्र’ हे दोन शब्द लिहितो. क्षणार्धांत त्याच्यापुढें एक यादी उभी राहते. यादी लाखों पानांची असली तरी पाहणारा पहिल्या आठदहा नांवांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. त्या आठदहांत मोठमोठीं विक्रीचीं दुकानें असतात, छापील चादरी आणि कपबशा विकणारे व्यापारी असतात. गंजाडच्या एखाद्या चित्रकाराच्या मुलानें कॉलेजांतून घरीं आल्यावर महिनाभर खपून आपल्या बापाच्या चित्रांचें संकेतस्थळ उभें केलें असेल, तर तें या यादींत पहिल्या पानावर नसतें, दहाव्यावर नसतें, कित्येकदां मुळींच नसतें. चित्रें वाईट म्हणून हें घडत नाहीं, संकेतस्थळाची बांधणी कच्ची म्हणूनहि नव्हे. त्या घराकडे बोट दाखविणारें अद्यापि कोणी नाहीं, हें त्याचें मुख्य कारण होय.

हें बोट दाखविणें म्हणजेच ‘दुवा’. संकेतस्थळावरील पानांत कांहीं शब्द असे असतात कीं त्यांवर टिचकी मारतांच वाचक दुसऱ्याच एका पानावर जाऊन उतरतो. त्या शब्दांत दडलेल्या वाटेला दुवा म्हणतात. बोर्डीच्या एखाद्या निवासगृहानें आपल्या पानावर ‘आमच्या भिंतींवरील चित्रें अमुक चित्रकाराचीं’ असें लिहून चित्रकाराच्या संकेतस्थळाची वाट जोडून दिली, तर निवासगृहाच्या दृष्टीनें तो बाहेर जाणारा दुवा झाला आणि चित्रकाराच्या दृष्टीनें बाहेरून आलेला. या बाहेरून आलेल्या दुव्याला धंद्यांतले लोक ‘बॅकलिंक’ म्हणतात. नवें संकेतस्थळ उभें करणाऱ्याला हा शब्द पहिल्या आठवड्यांतच ऐकूं येतो, आणि दुर्दैवानें बहुधा विकणाऱ्याच्याच तोंडून.

दुव्याचीं कामें दोन. पहिलें काम अगदीं साधें, म्हणजे वाट दाखविण्याचें. गूगलसारखें शोधयंत्र जगांतील पानें वाचण्यासाठीं एक स्वयंचलित फिरस्ता बाळगतें. त्याला इंग्रजींत कोळ्याचें नांव मिळालें आहे. (डहाणूच्या खाडींत होडी घालणारा कोळी नव्हे, जाळें विणणारा आठ पायांचा.) हा फिरस्ता एका पानावरून दुव्याच्या धाग्यानें दुसऱ्या पानावर जातो. ज्या पानाकडे एकहि धागा जात नाहीं तें त्याला सांपडणार कसें? मालकानें स्वतः आपल्या पानांची यादी शोधयंत्राकडे धाडण्याची सोय आहे, आणि ती अवश्य धाडावी. परंतु नुसती यादी धाडणें म्हणजे कचेरींत अर्ज टाकून येणें. अर्ज दप्तरीं दाखल होतो, त्यानें पत वाढत नाहीं. पत वाढते ती दुव्याच्या दुसऱ्या कामानें, म्हणजे साक्षीनें.

ही साक्षीची कल्पना आली कोठून? १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतलीं शोधयंत्रें मुख्यत्वें पानांवरील शब्द मोजीत. ज्या पानावर ‘चिकू’ हा शब्द अधिक वेळां तें पान चिकूविषयींचें, असा त्यांचा भोळा हिशेब. व्यापाऱ्यांनीं तो लवकरच ओळखला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेंकडों वेळां लिहून ठेवावा, वाचकाला तो दिसूं नये आणि यंत्राला मात्र दिसावा, असे प्रकार सुरू झाले. स्वतःची स्तुति स्वतः करणाऱ्याला जग विचारीत नाहीं, यंत्र मात्र विचारीत होतें.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी १९९६ च्या सुमारास या प्रश्नाला लागले. पान स्वतःविषयीं काय म्हणतें यापेक्षां इतर पानें त्याच्याविषयीं काय म्हणतात हें पाहावें, असें त्यांनीं ठरविलें. कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं शास्त्रीय निबंधांची एक सूचि प्रसिद्ध केली होती; कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या निबंधांत झाला, हें तिच्यावरून कळे, आणि ज्याचा आधार पुष्कळांनीं घेतला त्या निबंधाला वजन असे. पेज आणि ब्रिन यांनीं हीच दृष्टि इंटरनेटच्या पानांना लावली. १९९८ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं गूगल कंपनी स्थापन झाली. त्यांच्या गणिताचें नांव ‘पेजरँक’. त्यांत पान आणि पेज या आडनांवाचा श्लेष आहे.

या गणिताचें मर्म थोडें खोलांत जाऊन पाहण्यासारखें आहे, कारण बॅकलिंकच्या बाजारांत जे गैरसमज विकले जातात ते बहुतेक येथेंच उत्पन्न होतात. नुसती दुव्यांची संख्या मोजावयाची असती तर कोणीहि हजार खोटीं पानें उभारून आपल्याकडे हजार दुवे वळविले असते. म्हणून पेजरँकनें दोन अटी घातल्या. साक्ष देणाऱ्याची पत जितकी, तितकी त्याच्या साक्षीची किंमत, ही पहिली. दुसरी अशी कीं साक्षीदार जितक्या जणांकडे बोट दाखवील तितक्या वांट्यांत त्याची पत विभागली जाईल. समजा, डहाणूंतील एखाद्या जुन्या शाळेच्या पानाची पत १२ गुण आहे आणि त्या पानावर केवळ ३ दुवे आहेत. प्रत्येकाच्या वांट्याला ४ गुण येतात. दुसरीकडे एखादी प्रचंड यादी आहे, तिची पत ६० गुण, परंतु तिच्यावर ६०० दुवे आहेत. तेथें प्रत्येकाच्या हातीं एक गुणाचा दहावा भाग पडतो. शाळेचा एक दुवा त्या यादीच्या ४० दुव्यांच्या बरोबरीचा झाला. ज्या याद्यांत पैसे भरून कोणाचेंहि नांव चढवितां येतें त्यांचा नव्या माणसाला फारसा उपयोग कां होत नाहीं, याचें उत्तर या साध्या भागाकारांत आहे.

आतां शाळेची पत तरी कोणी ठरविली? तिच्याकडे येणाऱ्या दुव्यांनीं. त्यांची कोणी? त्यांच्याकडे येणाऱ्यांनीं. हें चक्र संपावें कसें, असा प्रश्न येतो. तर सर्वांना आरंभीं सारखी पत देऊन हिशेब पुन्हां पुन्हां करीत राहावयाचें, आंकडे स्थिर होईपर्यंत. निबंधकर्त्यांनीं याचें चित्र एका भटक्या वाचकाच्या रूपानें दाखविलें आहे. तो डोळे मिटून एका पानावरून दुसऱ्यावर जात असतो. १०० पैकीं ८५ वेळां समोरचा एखादा दुवा धरतो, १५ वेळां कंटाळून भलतेंच एखादें पान उघडतो. असा तो अनंत काळ भटकला तर ज्या पानावर तो अधिक वेळां सांपडेल त्याची पत अधिक. म्हणजे वरच्या उदाहरणांतील ४ गुणांपैकीं ३.४ गुण पुढें पोंचतात, उरलेले सर्व पानांत वांटले जातात. १९९८ च्या निबंधांत नमूद आहे कीं २ कोटी ६० लक्ष पानांचा हा हिशेब मध्यम प्रतीच्या यंत्रावर कांहीं तासांत होत असे.

तेव्हांपासून पुष्कळ पाणी वाहून गेलें. आजचें शोधयंत्र पानाचा मजकूर, त्याची भाषा, तें मोबाइलवर किती चटकन उघडतें, विचारणारा कोठें बसला आहे, अशा कितीतरी गोष्टी पाहतें. दुव्यांचें महत्त्व लोक समजतात तेवढें आतां राहिलेलें नाहीं, असें गूगलच्या एका अधिकाऱ्यानें २०२३ सालीं जाहीरपणें सांगितलें. तरीहि ज्याला कोणीच ओळखत नाहीं अशा नव्या स्थळाला पहिली ओळख मिळते ती अजूनहि बहुतांशीं दुव्यांनींच.

या दृष्टीनें डहाणू आणि तलासरी या तालुक्यांकडे पाहिलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. येथील कलेची कीर्ति इंटरनेटच्या आधींच साक्षींच्या साखळीनें जगभर गेलेली आहे. वारल्यांच्या घरांत लग्नाच्या वेळीं शेणामातीनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें ‘चौक’ लिहिण्याचें काम पिढ्यान् पिढ्या सुवासिनी करीत आल्या. १९७० नंतर भास्कर कुळकर्णी या चित्रकारानें हीं चित्रें भिंतीवरून कागदावर आणण्यास उत्तेजन दिलें. तलासरी तालुक्यांतील धामणगांवीं जन्मलेले आणि गंजाडला आयुष्य घालविलेले जिव्या सोमा म्हशे यांचीं चित्रें १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड चित्रशाळेंत लागलीं. १९८९ सालीं पॅरिस येथील मोठ्या प्रदर्शनांत तीं मांडलीं गेलीं. २००३ सालीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कृतींबरोबर दाखविलीं गेलीं. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते निवर्तले. कुळकर्ण्यांनीं चित्रशाळेकडे बोट दाखविलें, चित्रशाळेनें पॅरिसकडे. आणि बोट दाखविणारा प्रत्येक जण आपल्या क्षेत्रांत पत असलेला होता. पेजरँकचें गणित मांडलें जाण्यापूर्वींच गंजाडच्या बाबतींत तें प्रत्यक्षांत घडून गेलें होतें.

मग त्याच गांवांतल्या नव्या पिढीचें संकेतस्थळ यादींत कां दिसूं नये? कारण त्या जुन्या साक्षी कागदावर आहेत, किंवा संग्रहालयांच्या पानांवर असल्या तरी तेथून गंजाडच्या घराकडे वाट जोडलेली नाहीं. ‘वारली’ या नांवाची पत प्रचंड आहे; ती ज्याच्या खात्यांत जमा व्हावी त्याच्या खात्याचा पत्ता कोणाजवळ नाहीं. ती कोणाच्या तरी खात्यांत पडतेच. जो व्यापारी आधीं येऊन बसला आणि ज्याच्याकडे चार मोठीं स्थळें बोट दाखवितात त्याच्या खात्यांत.

नांवाचें संरक्षण करणारा कायदा आहे, असें कोणी म्हणेल. आहे खरा. आदिवासी युवा सेवा संघ या संस्थेच्या अर्जावरून वारली चित्रकलेची नोंद भौगोलिक उपदर्शनांत २०१४ सालीं झाली. महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नांवें ‘डहाणू घोलवड चिकू’ची नोंद २०१६ सालीं झाली. २०२१ सालीं या नोंदलेल्या चिकूचा एक हप्ता इंग्लंडला रवानाहि झाला. परंतु हा कायदा परक्या मालावर तें नांव लावण्यास बंदी करतो. शोधयंत्राच्या यादींत खऱ्या धन्याला वर बसविण्याचें काम तो करीत नाहीं. तें काम धन्यालाच करावें लागतें, आणि त्यासाठीं त्याच्याजवळ एक भांडवल असतें जें दूरच्या व्यापाऱ्याजवळ नसतें. तें म्हणजे प्रत्यक्ष संबंध.

म्हणून बॅकलिंक मिळविण्याचा आरंभ मोबाइलसमोर न करतां वहीपाशीं करावा. ज्या ज्या लोकांशीं गेल्या पांचदहा वर्षांत काम पडलें त्यांचीं नांवें लिहून काढावीं. चित्रकाराच्या वहींत कोण येईल? ज्या शाळेच्या भिंती रंगविल्या ती शाळा; ज्या कॉलेजांत मुलांना तीन दिवस शिकविलें तें कॉलेज; मुंबईचें तें दुकान, जें दर दिवाळीला चित्रें नेतें; ज्या वृत्तपत्रानें छायाचित्रासह मजकूर छापला तें वृत्तपत्र; ज्या विद्यार्थिनीनें प्रबंधासाठीं घरीं येऊन माहिती नेली ती विद्यार्थिनी. बागाईतदाराच्या वहींत फळें नेणारी सहकारी संस्था येईल, बोर्डीच्या चिकू महोत्सवाचे चालक येतील, शनिवार-रविवारीं बाग पाहावयास माणसें धाडणारें निवासगृह येईल, चिकूच्या चकत्या वाळवून विकणारा महिलांचा गट येईल. यांपैकीं निम्म्यांचीं तरी संकेतस्थळें असतात, आणि त्यांवर कोठेंतरी या माणसाचा उल्लेखहि असतो. फक्त दुवा नसतो. उल्लेख आहे आणि वाट नाहीं, तेथें वाट जोडून द्या अशी विनंति करण्यांत कमीपणा कसलाच नाहीं. चार ओळींचें पत्र पुरतें: आपल्या अमुक पानावर आमच्या चित्रांचा उल्लेख आहे, त्याबद्दल आभार, चित्रें आतां या पत्त्यावर पाहावयास मिळतात, वाचकांच्या सोयीसाठीं तेथें हा पत्ता जोडल्यास बरें होईल. दहा पत्रांतून तिघांनीं ऐकलें तरी तीं तीन बोटें खरीं आहेत.

दुसरा मार्ग अधिक कष्टाचा, पण अधिक टिकाऊ. इतरांना उपयोगीं पडेल असें कांहींतरी आपल्या स्थळावर ठेवावें, म्हणजे विनंति न करतांहि दुवे येऊं लागतात. ‘आमचीं चित्रें सर्वोत्कृष्ट आहेत’ या वाक्याकडे कोण बोट दाखविणार? परंतु लग्नाचा चौक कसा लिहितात, त्यांतील पालघट देवीच्या भोंवतीं कोणत्या आकृति येतात, तारप्याभोंवतींचा नाच चित्रांत वळसा घेतो तो कसा, हें त्या घरच्या माणसानें स्वतःच्या शब्दांत मराठींत, चित्रांसह, शांतपणें लिहून ठेवलें, तर शिक्षक त्याचा दुवा विद्यार्थ्यांना देतील, वार्ताहर देतील, परदेशांतील अभ्यासकहि देतील. बागाईतदारानें झाडावरून फळ केव्हां उतरवावें, तें पाडांत किती दिवस ठेवावें, आपल्या बागेंत कोणत्या महिन्यांत फळ भरपूर येतें आणि कोणत्या महिन्यांत कमी, याचें कोष्टक प्रसिद्ध केलें तर तें खरेदीदाराला हवेंच असतें. मराठींत असें लेखन थोडें आहे. इंग्रजींतल्या गर्दीपेक्षां येथें नवागताला जागा लवकर मिळते. घरांतल्या ज्या म्हातारीला हें सर्व ठाऊक असतें तिच्याजवळ बसून तें उतरवून घेण्याचा खर्च कांहींच नाहीं, वेळ मात्र लागतो. आणि मजकुरावर तिचें नांव घालावें हें उचितच आहे.

दुव्याच्या शब्दांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ज्या शब्दांत वाट दडलेली असते ते शब्दहि यंत्र वाचतें. ‘येथें टिचकी मारा’ यांतून यंत्राला कांहीं कळत नाहीं; ‘गंजाडचीं वारली चित्रें’ यांतून कळतें. म्हणून दुवा देणाऱ्याला नांव नीट लिहिण्यास सुचवावें. परंतु हाच शब्दसमूह पन्नास ठिकाणीं अक्षरशः तसाच आला तर यंत्राला संशय येतो, आणि तो योग्यच आहे. पन्नास खरे साक्षीदार एकच वाक्य पाठ करून येत नाहींत.

आतां त्या विकणाऱ्याकडे वळूं या. नवें संकेतस्थळ उघडल्यावर थोड्याच दिवसांत पत्रें येऊं लागतात: इतक्या रुपयांत हजार दुवे, महिन्याभरांत पहिलें पान, खात्रीशीर. पैसे लहान वाटतात. चिकूच्या एका हंगामाच्या कमाईंतून काढण्यासारखे. हे हजार दुवे येतात कोठून? ज्यांना एकहि वाचक नाहीं अशा पानांच्या जंगलांतून, कोणाच्या तरी पानाखालीं यंत्रानें चिकटविलेल्या मजकुरांतून, आपसांतच एकमेकांकडे बोट दाखविणाऱ्या स्थळांच्या टोळ्यांतून. ‘तूं मला दुवा दे, मी तुला देतों’ या व्यवहाराचें मोठें वर्तुळ केलें तरी बाहेरून त्यांत कोणी येत नसल्यामुळें तें गणिताला उघडें पडतें. दोन भावांनीं एकमेकांच्या स्थळांचे दुवे दिले तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. दोनशें परक्यांनीं तसें केलें तर तो कट होतो.

मोठ्यांनाहि हा मोह चुकलेला नाहीं. २०११ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क टाइम्स या पत्रानें जे. सी. पेनी या अमेरिकेंतील जुन्या दुकानाचें प्रकरण उजेडांत आणलें. नाताळच्या हंगामांत कपड्यांपासून बिछान्यांपर्यंत असंख्य वस्तूंच्या यादींत हें दुकान पहिलें दिसत होतें, आणि त्याच्याकडे येणारे हजारों दुवे अशा स्थळांवर होते कीं ज्यांचा त्या वस्तूंशीं कवडीचा संबंध नव्हता. गूगलनें कारवाई केली. प्रवासी पेटीच्या एका शोधांत संध्याकाळीं ७ वाजतां पहिलें असलेलें दुकान दोन तासांनीं ७१ वें झालें. दुवे आपल्या नकळत लावले गेले असें सांगून दुकानानें आपल्या सल्लागार कंपनीला काढून टाकलें. पुढच्या वर्षीं, २४ एप्रिल १९१२ नव्हे तर २०१२ रोजीं (शंभर वर्षांची चूक येथें सहज होते, इतकें हें जग जुनें वाटूं लागलें आहे), गूगलनें ‘पेंग्विन’ नांवाची सुधारणा आणली. इंग्रजींतील सुमारें ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम झाला आणि विकत घेतलेल्या दुव्यांवर उभीं असलेलीं कित्येक लहान दुकानें यादींतून नाहींशीं झालीं. २०१६ पासून असे दुवे बहुधा दंडाऐवजीं नुसते दुर्लक्षिले जातात. म्हणजे विकत घेणाऱ्याचें नशीब चांगलें असेल तर केवळ पैसे बुडतात. नसेल तर स्थळहि बुडतें, आणि पेनीच्या दुकानाला जें दुसरें दार होतें तें गंजाडच्या चित्रकाराला नसतें.

पैसे किंवा वस्तु घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी खूण करावी असा नियम आहे. २००५ सालीं मोठ्या शोधयंत्रांनीं ‘नोफॉलो’ नांवाची खूण सुरू केली. तिचा अर्थ असा कीं वाट आहे, परंतु साक्ष समजूं नये. २०१९ सालीं जाहिरातीच्या दुव्यांसाठीं निराळी खूण आली. म्हणून निवासगृहाला फुकट चित्र देऊन त्याच्या मोबदल्यांत दुवा मागणें हा सौदा झाला. भिंत रंगविल्याचा मोबदला पैशांत घेतला आणि त्यांनीं कलावंताचें श्रेय म्हणून नांव व दुवा दिला, तर ती साक्ष झाली. भेद बारीक आहे, पण व्यवहारी माणसाला तो समजण्यास अडचण पडूं नये. विकिपीडियावरील बाहेर जाणाऱ्या दुव्यांवरहि ही खूण असते, इंग्रजी विकिपीडियावर २००७ पासून. तेव्हां तेथें जाऊन स्वतःची जाहिरात घुसडण्यांत कांहीं हंशील नाहीं. संपादक ती काढून टाकतात तें निराळेंच. सरकारी पत्त्याच्या स्थळावरून आलेला दुवा दैवी शक्तीचा असतो, अशीहि एक समजूत बाजारांत आहे. पालघर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर एखाद्या गटाचें नांव आलें तर त्याचा लाभ आहेच, परंतु तो त्या स्थळाला वाचक आणि पत असल्यामुळें; पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांना यंत्र निराळा मान देत नाहीं.

एक धोका मात्र असा आहे कीं त्याच्याकडे या भागांत फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. संस्थेला अनुदान मिळतें, त्यांतून संकेतस्थळ होतें, उद्‌घाटन होतें, वर्तमानपत्रें दुवे देतात. दोन वर्षांनीं अनुदान संपतें आणि पत्त्याची वार्षिक फी भरावयाची राहून जाते. पत्ता मोकळा होतो. ज्या पत्त्याकडे शाळा, वृत्तपत्रें, विद्यापीठें बोट दाखवीत आहेत असे मोकळे पत्ते हेरून विकत घेण्याचा धंदाच चालतो. आदिवासी कलेच्या पत्त्यावर एके दिवशीं जुगाराची जाहिरात झळकूं लागते, आणि सर्व जुनीं बोटें बिचारीं तिकडेच वळलेलीं राहतात. गूगलनें २०२४ च्या मार्चमध्यें या प्रकाराला आपल्या नियमांत स्पष्ट मनाई केली. परंतु मनाईनें पत्ता परत मिळत नाहीं. तेव्हां पत्ता एका व्यक्तीच्या विस्मरणावर न सोंपवितां फीची तारीख दोघांतिघांच्या वहींत असावी, शक्य तर फी कांहीं वर्षांची एकदम भरावी. तसेंच स्थळाची नवी मांडणी करतांना जुन्या पानांचे पत्ते बदलूं नयेत. बदलावे लागले तर जुन्यावरून नव्याकडे आपोआप नेणारी सोय करावी. नाहीं तर चार वर्षांत जमविलेले दुवे एका रात्रींत रिकाम्या दाराशीं जाऊन उभे राहतात.

हें सर्व करून फळ केव्हां दिसेल? चिकूचें कलम लावणाऱ्याला हा प्रश्न फार अवघड वाटूं नये. आठवड्यांत कांहीं दिसत नाहीं, महिने लागतात. गूगल आपल्या ‘सर्च कन्सोल’ या सोयींतून मालकाला फुकट दाखवितें कीं कोणत्या स्थळांनीं दुवे दिले आहेत आणि कोणते शब्द लिहून लोक येथवर आले. तें महिन्यांतून एकदां पाहावें, रोज नव्हे. आरंभीं ‘वारली चित्र’ या मोठ्या शब्दांवर वर येण्याची आशा धरूं नये. तेथें जुनीं दुकानें बसलेलीं आहेत. ‘लग्नाचा चौक कसा लिहितात’, ‘घोलवडचा चिकू थेट बागेंतून’, ‘शाळेच्या भिंतीवर वारली चित्र काढणारे डहाणूचे चित्रकार’ अशा लांब, नेमक्या विचारणा प्रथम येतील. महिन्याला सात येतील, नऊ येतील. पण ‘शाळेच्या भिंतीवर’ असें लिहून आलेला माणूस बहुधा भिंत घेऊनच आलेला असतो. आणि ती रंगवून झाल्यावर त्या शाळेच्या पानासाठीं मजकूर व पत्ता स्वच्छ अक्षरांत लिहून मुख्याध्यापकांच्या हातीं देऊन यावें.